तोच उंदीर, दुसऱ्यांदा

आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून घाईची सवय करून घ्यावी लागते. आम्ही उंदरांच्या मेंदूचे पेट स्कॅन करतो. त्यासाठी लागणारी किरणोत्सारी साखर नागपुराहून गाडीने येते, शिशाच्या जाड डब्यात. ती तयार झाल्या क्षणापासून विझत असते. दोन तास व्हायच्या आतच अर्धी उरते, पुढच्या तेवढ्याच वेळात तिच्याही अर्धी. आमची जागा वरोऱ्याच्या अलीकडे, नागपूर रस्त्याला लागून. गाडी वेळेवर निघाली आणि वाटेत कोळशाच्या ट्रकांनी अडवलं नाही, तर कामापुरती साखर हातात पडते. नाहीतर रिकामा डबा आल्यासारखंच.

मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तो जास्त साखर ओढून घेतो. म्हणून ही साखर उंदराच्या शेपटीतल्या शिरेतून द्यायची, ती मेंदूत पोचेपर्यंत थांबायचं, मग भूल दिलेल्या उंदराला यंत्रात झोपवून चित्र घ्यायचं. चित्रावरून आकडा निघतो. दिलेल्या साखरेपैकी किती साखर मेंदूने घेतली, तो आकडा. माझी सगळी नोकरी त्या एका आकड्यावर उभी आहे.

मी सिंदेवाहीची. आईवडील दोघांनीही तिथल्या भात संशोधन केंद्रात रोजंदारीवर रोवणी केली आणि आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. मी विहाराच्या मागच्या खोलीत बसून अभ्यास केला आणि बाहेर पडले. धाकटी हुशारीत माझ्यापेक्षा वरचढ होती, पण तिला सिकलसेल, रक्ताचा जन्मापासूनचा आजार. आमच्याकडे या आजाराची तपासणी झाली की कार्ड मिळतं. माझं पिवळं, म्हणजे आजार अंगात लपलेला, त्रास नाही. तिचं लाल. थंडी पडली की तिची हाडं ठणकायची, ती अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन पडायची. आठवीत असताना एका सकाळी तिचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात उचलेना. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला रक्त कमी पडलं. हात पुढे सुधारला. पण तेव्हापासून मेंदू आणि रक्त हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. मी या कामात आले ती अशी.

आमच्याकडे एक नवं औषध तपासायला आलं होतं. मेंदूला रक्त कमी पडलं तरी पेशी तग धरतात का, हे पाहायचं होतं. उंदरांवर औषधाआधी एक स्कॅन आणि औषधानंतर एक स्कॅन. तोच उंदीर दोनदा पाहिला की त्याची तुलना त्याच्याशीच होते आणि उंदीरही कमी लागतात. पण मला एक शंका होती, ती मी सरांपुढे मांडली. सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, शांत स्वभावाचे, पुण्याकडचे.

मी म्हणाले, "सर, औषध द्यायच्या आधी निरोगी उंदीर घेऊन आठवड्याच्या अंतराने दोनदा स्कॅन करू. मध्ये काहीच द्यायचं नाही. दोन्ही आकडे सारखे आले तरच पुढे औषधाने पडलेल्या फरकावर विश्वास ठेवता येईल."

"हे सगळ्यांनी केलेलं आहे," सर म्हणाले.

"सगळ्यांनी त्यांच्या यंत्रावर केलं. आपल्या यंत्रावर, आपल्या रस्त्याने आलेल्या साखरेवर कोणी केलेलं नाही."

सर हसले आणि त्यांनी परवानगी दिली. आठ उंदीर घेतले. एका दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार. पहिल्या आठवड्यात सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही दिवस गाडी उशिरा आली. रस्त्याचं काम चालू होतं, ट्रकांची रांग लागली होती. डबा हातात आला तेव्हा मी घड्याळाकडे बघत बघतच सुया टोचल्या.

मग आकडे मांडले. पाच उंदरांचे आकडे जुळत होते. तिघांचे दुसऱ्या वेळी खूप खाली आले होते. ज्यांना काहीही दिलेलं नव्हतं, जे पिंजऱ्यात खाऊनपिऊन मजेत होते, त्यांचा मेंदू आठवड्याभरात निम्मा मंदावल्यासारखा दिसत होता.

सरांनी कागद बराच वेळ पाहिला. "तीन बाजूला काढ," ते म्हणाले. "पाच जुळतायत. पुरेसे आहेत."

"कोणत्या कारणाने काढू?"

"फार वेगळे आले म्हणून. सगळे काढतात."

"सर, ते वेगळे आले हेच तर शोधायला आपण हे केलं. उद्या औषध दिलेले तीन उंदीर असेच खाली आले तर आपण म्हणू, औषध वाईट. किंवा तुलनेसाठी ठेवलेले, औषध न दिलेले खाली आले तर म्हणू, औषध चांगलं. तेव्हा कोणाला बाजूला काढायचं?"

औषधवाले दर आठवड्याला फोन करत होते, हे मला माहीत होतं. शेवटी सर म्हणाले, "एक महिना देतो. कारण सापडलं नाही तर पाचांवर पुढे जायचं."

मी त्याच दिवशी लागले. आधी वजनकाटा तपासला, कारण उंदराच्या वजनावर हिशोब असतो. काटा बरोबर होता. मग घड्याळं. साखर मोजायच्या यंत्राचं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ यांत काही मिनिटांचा फरक निघाला. विझणाऱ्या वस्तूच्या बाबतीत मिनिटांनाही किंमत असते, म्हणून मला वाटलं सापडलं. आकडे दुरुस्त केले. सगळे सारखेच थोडे सरकले, ते तिघे होते तिथेच खाली राहिले. मग भुलेच्या वायूचं प्रमाण, खोलीचं तापमान, उंदरांच्या अंगाखालची ऊबदार गादी, सगळं एकेक करून पाहिलं. काही हाती लागेना.

उरलं उपाशी ठेवणं. स्कॅनच्या आधी उंदरांना काही तास खायला देत नाहीत. पोटात खाणं असलं तर रक्तातल्या साध्या साखरेपुढे आमची साखर मेंदूत कमी जाते. उंदरांचं खाणंपिणं पाहायच्या आमच्या प्राणिघरातल्या बाई. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावच्या, गोंड, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या. उंदरांना हातात धरायच्या तर उंदीर अंग सैल सोडायचा. इतरांच्या हातात तेच उंदीर चावायला धावायचे.

मी त्यांना विचारलं आणि विचारायची रीत चुकले. "बाई, त्या दिवशी तुम्ही या तिघांना खायला तर नाही ना टाकलं? दया येऊन?"

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "मॅडम, तुमी सांगतलं का उपाशी ठेवा, त मी ठेवते. मले वाईट वाटते, पण मी खोटं नाई करत."

"तसं नाही, मी फक्त विचारलं."

"इचारलं न. मी सांगतलं."

त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. मला चुकल्यासारखं वाटत होतं, पण मी वळून माफी मागितली नाही. मनाच्या एका कोपऱ्यात मला अजूनही वाटत होतं की तेच कारण असावं. तसं असतं तर मी सुटले असते.

महिन्यातला निम्मा वेळ असाच गेला आणि आईचा फोन आला. धाकटीला दुखणं उठलं होतं, ग्रामीण रुग्णालयात भरती केली होती. मी रजा टाकून चंद्रपूरला आले, मूल गावावरून जाणारी सिंदेवाहीची बस धरली आणि दुपारी तिच्या खाटेशी पोचले. ती आता घरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. खाटेवर पडल्या पडल्याही एक वही नजरेनेच तपासत होती. डाव्या हाताला सलाईन लावलेली, उजवा हात मनगटापासून टम्म फुगलेला.

"हे काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाई. काल नवीन सिस्टर होती, तिनं घाईघाईत लावली. सुई शिरेतून भायेर निंघाली न सलाईन सारी कातड्याखाली गेली. हात पाह्य कसा पुरीसारखा फुगला."

"मग औषध?"

"औषध कुठी जाते? हातातच अडकून बसलं. बाटली रिकामी झाली, आई म्हणे औषध गेलं, न माह्यं दुखणं तसंच. मंग मोठ्या सिस्टरनं पाह्यलं न दुसऱ्या हाताले लावली."

मी तिचा फुगलेला हात हातात घेतला आणि तशीच बसून राहिले. बाटली रिकामी झाली, म्हणजे औषध गेलं. इंजेक्शनची पिचकारी रिकामी झाली, म्हणजे साखर गेली. मीही तेच मानून चालले होते. आमच्या यंत्राची खिडकी लहान, त्यात उंदराचं डोकं आणि खांदे एवढंच मावतं. शेपटी बाहेर राहते. साखर शिरेत न जाता शेपटीच्या कातडीखाली अडकली, तर मला ती कधीच दिसली नसती. मी मात्र हिशोबात पूर्ण साखर दिली असं धरलं होतं, म्हणून मेंदूचा आकडा खाली येणारच.

आणि मला एकदम आठवलं. दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या दिवशी संध्याकाळी, प्राणिघरातल्या बाई म्हणाल्या होत्या, "मॅडम, याची शेपूट सुजली." मी पिचकाऱ्या डब्यात टाकत होते. मी म्हणाले होते, "टोचल्यावर होतं थोडं."

"काऊन गप झाली तू?" धाकटीने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. उशिरा येणारी गाडी, विझणारी साखर, तीन उंदीर, बाईंवर घेतलेला संशय. तिने वही मिटून ऐकलं.

"थांब थांब," ती म्हणाली. "तुमी साखर आल्यावर शीर शोधता?"

"हो. शेपटी कोमट पाण्याने शेकायची, शीर वर आली की टोचायचं. पण त्या दिवशी वेळ नव्हता, मी शेकणं आटोपतं घेतलं."

"येडी हायेस का? मोठी सिस्टर त बाटली आणायच्या आधीच सुई लावून ठेवते. हात शेकते, आरामानं शीर पाह्यते, सुई लावते, थोडं साधं पाणी सोडून पाह्यते का फुगते का नाई. मंग औषध. एवढी शिकली तू, न शीर शोधाले औषध यायची वाट पाह्यते!"

आई बाजूला बसून हसू लागली. मलाही हसू आलं, पण डोळे भरून आले होते. कितीदा या मुलीच्या हातांवर सुया टोचताना मी पाहिलं होतं. कॅन्युला, म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी, आधी लावून ठेवायची पद्धत मला पुस्तकातून माहीत होती. एकेका उंदरामागे वेळ जातो म्हणून आम्ही ती सोडून दिली होती.

तिला बरं वाटायला लागल्यावर तीन दिवसांनी मी परतले आणि बॅग खांद्यावर असतानाच प्राणिघरात गेले. बाई पिंजऱ्यांत भुसा घालत होत्या.

"बाई, मी तुमच्यावर संशय घेतला. चूक माझी होती. मला माफ करा."

त्या थांबल्या. "खाणं नव्हतं दिलं म्या."

"माहीत आहे. तुम्ही मला शेपटी सुजल्याचं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. कोणाकोणाची सुजली होती, आठवतं का?"

"आठवाचं काय हाय त्यात?" त्यांनी पिंजऱ्यांवरची कार्डं दाखवली. काही कार्डांच्या कोपऱ्यात निळ्या पेनाचा ठिपका होता. "लिवता येत नाई मले चांगलं. म्हून ठिपका देल्ला. सूज उतरते का नाई, रोज पाहाले पाह्यजे न."

ठिपके तीन कार्डांवर होते. मी नंबर वाचले. तेच तीन उंदीर.

मी तिथेच भुशाच्या पोत्यावर बसले. त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आता रडू नका. आता काय कराचं ते सांगा."

करायचं होतं ते बरंच होतं. आधी मी सरांकडे गेले आणि सांगितलं की चूक यंत्राची नाही, उंदरांची नाही, माझ्या हाताची आहे. सरांनी विचारलं, "पुरावा?" मी ठिपक्यांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "ठिपक्यांवरून मला पटलं, कागदावर कसं पटवणार?" तेही बरोबर होतं. जुन्या दिवसांचं शेपटीचं चित्र कुठून आणणार? म्हणून ठरलं, तेच आठ उंदीर घ्यायचे, पुन्हा दोन आठवडे स्कॅन करायचे, आणि दर वेळी मेंदूचं चित्र झालं की उंदीर पुढे सरकवून शेपटीचंही चित्र घ्यायचं. शेपटीत साखर उरलेली दिसली तर तो स्कॅन धरायचा नाही. हा नियम आकडे पाहायच्या आधीच लिहून, सही करून ठेवायचा, म्हणजे नंतर सोयीने उंदीर गाळायला जागा राहणार नाही.

त्यासाठी प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीपुढे जावं लागलं. पाच माणसं बसली होती. त्यांत एक वयस्कर जनावरांचे डॉक्टर होते, सगळी हयात जिवतीच्या डोंगरांत गुरं तपासण्यात गेलेली.

त्यांनी विचारलं, "त्याच जिवाला पुन्हा त्रास कशाला?"

"पहिल्यांदा दिलेला त्रास माझ्या चुकीने वाया गेला, साहेब. तो तसाच सोडला तर पुढे औषधाच्या प्रयोगात यापेक्षा कितीतरी जास्त उंदीर वाया जातील, आणि ते वाया गेले हे कोणाला कळणारही नाही."

त्यांनी मंजुरी दिली, एका अटीवर. एका दिवशी एका उंदराला दोनपेक्षा जास्त वेळा टोचायचं नाही. दोनदा जमलं नाही तर त्या दिवशी त्याला सोडून द्यायचं. मला ती अट आवडली.

मग मी सराव सुरू केला. रबरी शेपटीवर, रोज सकाळी, सगळे यायच्या आधी. हात अवघडून जायचा. गाडीच्या ड्रायव्हरभाऊंना विनंती केली की वाटेतल्या जाम गावच्या चौकात पोचलात की फोन करा. फोन आला की आम्ही पहिला उंदीर घ्यायचो. बाई शेपटी कोमट पाण्यात धरायच्या, मी घड्याळाकडे न बघता शीर शोधायची, कॅन्युला लावायची, थेंबभर साधं सलाईन सोडायची. बाई वाकून बघायच्या.

"फुगली?"

"नाई. गेलं आत."

मग चिकटपट्टी. एक उंदीर यंत्रात असताना पुढच्याची तयारी. भूल किती वेळ द्यायची तेही ठरवून घेतलं, दोन्ही आठवड्यांत तितकाच वेळ.

पहिल्या दिवशी एका उंदराची शीर दोनदा प्रयत्न करूनही मिळाली नाही. साखर डब्यात विझत होती, सर काचेपलीकडून बघत होते. मला अजून एकदा टोचायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू. बाईंनी उंदीर उचलला आणि पिंजऱ्यात नेऊन ठेवला. त्या दिवशी तीनच चित्रं झाली. त्याला आम्ही दोन दिवसांनी पुन्हा घेतलं आणि तेव्हा पहिल्या टोचणीतच जमलं.

दुसऱ्या आठवड्यात एका दिवशी गाडी पुन्हा उशिरा आली, पहिल्या वेळेपेक्षाही जास्त. आम्ही तयार बसलो होतो. साखर कमी उरली होती, म्हणून चौथा उंदीर पुढच्या दिवसावर ढकलला आणि घाई केली नाही.

शेपटीच्या चित्रांत एकदा, फक्त एकदा, टोचल्या जागी पांढरा ठळक डाग दिसला. सरांना बोलावून दाखवला. त्या उंदराचा मेंदूचा आकडा खाली होता, आधीच्या तिघांसारखाच. सर पडद्याकडे बघत म्हणाले, "आता कागदावरही पटलं." त्यांनीच नियमाप्रमाणे तो स्कॅन रद्द असं लिहिलं आणि समितीने ठरवलेल्या हद्दीत आम्ही तो पुन्हा केला.

मग उंदरांचे दोन्ही आठवड्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तेव्हा ते जुळले. अगदी तंतोतंत नाही. मेंदू म्हणजे दगड नव्हे, तो रोज थोडा बदलतोच. पण तो बदल किती असतो हे आता आम्हाला माहीत होतं. एक उंदीर मात्र शेपटी स्वच्छ असूनही दुसऱ्या वेळी बराच वर गेला. कारण सापडलं नाही. तो आम्ही काढला नाही. अहवालात लिहिलं की हा असा आला आणि का आला ते आम्हाला माहीत नाही.

औषधाचा प्रयोग ठरल्यापेक्षा उशिरा सुरू झाला. औषधवाले नाराज होते, सरांनी ते सगळं आपल्या अंगावर घेतलं, मला एक शब्द ऐकवला नाही. सगळे स्कॅन संपले आणि निकाल आला. औषधाने काही फरक पडला नव्हता. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक, काहीच न देता जेवढा असतो तेवढाच.

मी त्या दिवशी बराच वेळ पायरीवर बसले होते. मनातून मला ते औषध चालायला हवं होतं. ते सिकलसेलचं औषध नव्हतं, तरी मी प्रत्येक चित्रात आठवीतल्या त्या मुलीचा चेहरा पाहत होते. पण एक गोष्ट पक्की होती. जुन्या पद्धतीने केलं असतं तर त्यात आम्हाला फरक दिसला असता, कुठल्या तरी बाजूने, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला असता. हा नकार खरा होता. तो मिळवायला आम्ही कष्ट केले होते.

रविवारी घरी गेले तेव्हा धाकटीला सांगितलं. ती ओट्यावर मुलांना भागाकार शिकवत होती, मुलांना पाच मिनिटं सुटी दिली.

"म्हंजे नाई चाललं?"

"नाई चाललं."

"पक्कं?"

"पक्कं."

तिने क्षणभर विचार केला. "मंग दुसरं हाय का?"

"हाय. पुढच्या महिन्यात येऊन राह्यलं."

"मंग जा न, रबराची शेपूट टोचत बस," ती म्हणाली आणि मुलांना हाक मारली.

नवीन औषध आलं आहे. कार्डांवर आता शेपटीचा वेगळा रकाना छापून घेतला आहे. तो बाई भरतात. बरी असली तर आडवी रेघ, सुजली तर ठिपका. मी सही करायच्या आधी तो रकाना वाचते.